मावशीची खाली बदली

मावशीच्या आवाजाची ख्याती अशी होती, की तिसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डात तिनं "ताट कोणाचं राहिलंय?" असं विचारलं, की पहिल्या मजल्यावरच्या बाळंतिणी आपापली ताटं पुढे करायच्या. इस्पितळात तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे तोफ म्हणत. दोन्ही तिला ठाऊक होतं आणि दोन्हीचा तिला अभिमान होता.

बावीस वर्षं तिनं त्या एका वॉर्डात काढली होती. चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचे-न्यायचे, अंग पुसून द्यायचं, ज्यांचा हात तोंडापर्यंत जात नाही त्यांना भरवायचं, आणि डॉक्टरांना घाबरणाऱ्या पेशंटांच्या वतीनं डॉक्टरांशी भांडायचं. हे शेवटचं काम तिच्या नेमणुकीच्या कागदावर नव्हतं, पण सगळ्यात मन लावून ती तेच करायची.

ती ख्रिस्ती होती. दर रविवारी नवऱ्याबरोबर चर्चला जायची, तिसऱ्या बाकावर बसायची आणि शेजारच्यांना आपला सूर हरवेल इतक्या विश्वासानं गायची. देवाशी तिचं बोलणं मात्र चर्चमधल्यासारखं नसे. "देवा, पाच नंबरच्या पोटात कळा येतायत, तुला ऐकू जात नाही का? मला तर जिन्यातून ऐकू येतंय." इतपत. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस, बोलणं मोजकंच. तो एकदा म्हणाला, "अगं, देवाशी जरा अदबीनं बोलावं."

"अदबीनं बोलणारे पुष्कळ आहेत त्याच्याकडे," मावशी म्हणाली. "तो कंटाळून गेला असेल."

वॉर्डात बारा नंबरच्या खाटेवर एक आजोबा होते. मावशी सकाळी आली की विचारायचे, "आज कालचाच दिवस आहे का गं?" मावशी सांगायची, "नाही आजोबा, नवा काढलाय." मग ते समाधानानं मान हलवून चहा घ्यायचे. त्या खाटेच्या डाव्या कठड्याची खिट्टी तुटली होती. कठडा वर केला की दिसायला उभा राही, पण कोणी त्यावर भार टाकला की धाडकन खाली येई. मावशीनं हे वॉर्डाच्या तक्रारवहीत तीन वेळा लिहिलं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं असलं तरी तारखा ठळक होत्या. तिन्ही वेळा मोठ्या सिस्टरांनी बाजूला सही केली.

मोठ्या सिस्टर म्हणजे त्या मजल्यावरच्या सगळ्या नर्सेसच्या वरच्या. करकरीत इस्त्रीच्या, मितभाषी, आणि मावशीच्याच चर्चमधल्या. क्वायरमध्ये पहिल्या रांगेत उभ्या राहायच्या. लोक प्रवचन विसरायचे, पण सिस्टरांनी कुठलं गीत म्हटलं ते घरी जाऊन सांगायचे.

चौथ्यांदा लिहायची वेळ आलीच नाही. एका दुपारी मावशी शेजारच्या खोलीत एकाची चादर बदलत असताना आजोबा कठड्याला धरून उठायला गेले आणि कठड्यासकट फरशीवर आले. खुब्याचं हाड मोडलं. आठव्या दिवशी ते गेले.

चौकशी समिती बसली. तीन साहेब, एक लांब टेबल आणि पाण्याचा एक जग. तक्रारवही उघडली, तर तिच्यात मावशीची एकही तक्रार नव्हती. चाळीसाव्या पानानंतर एकदम त्रेचाळिसावं पान होतं.

"साहेब, मधलं पान कुठं गेलं?" मावशीनं विचारलं.

मधले साहेब म्हणाले, "पानांचे क्रमांक हा या चौकशीचा विषय नाही."

"मग विषय काय आहे?"

"तुमचा निष्काळजीपणा."

"म्हणजे तो ठरूनच आलाय," मावशी म्हणाली. "मग हा जग कशाला मांडलात? उगाच तहान लागेपर्यंत बसायचं नाटक."

याचा तिला फायदा झाला नाही. मोठ्या सिस्टरांना विचारलं, तेव्हा त्या पाण्याच्या जगाकडे बघत म्हणाल्या, "अशी काही तक्रार मला आठवत नाही." मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं. सिस्टरांनी जगावरची नजर हलवली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मावशीला बोलायला काही सुचलं नाही, आणि समितीनं तो कबुलीजबाब समजला.

तिला काढून टाकलं नाही. तसं केलं असतं तर युनियन उठली असती. तिची बदली शवागारात केली. इस्पितळात त्या जागेला शवागार कोणी म्हणत नसे. सगळे 'खाली' म्हणत. 'त्याला खाली नेलं', 'खाली फोन करा'. आणि आता, 'तोफेला खाली पाठवलं'.

त्याच आठवड्यात चर्चच्या महिला मंडळाच्या चौघीजणी तिचं सांत्वन करायला घरी आल्या. चहा झाला, उसासे झाले. मग त्यांच्यातली सर्वांत वयस्कर बाई मावशीचा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, यात प्रभूची काहीतरी योजना असेल."

"असेल ना," मावशी म्हणाली. "मग वहीचं पान त्यानंच फाडलं का? विचारून सांगा. तुमची त्याच्याशी ओळख जास्त."

चौघींनी पर्सा उचलल्या.

मग पाळकसाहेब आले. ते तरुण होते, नवे होते, आणि दुःखात सापडलेल्या माणसाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये असं त्यांना वाटायचं, म्हणून सोबत एक शिकवण घेऊन यायचे. ते म्हणाले, "देव आपल्याला आगीतून नेतो, ते शुद्ध करण्यासाठी. कदाचित तुमचा स्वभाव, तुमचं बोलणं..."

"पाळकसाहेब, एक म्हातारा माणूस मेलाय," मावशी म्हणाली. ती हळू बोलली, म्हणून नवऱ्यानं डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. "माझं तोंड आवरावं म्हणून देवानं त्यांचं हाड मोडलं असेल, तर तो देव नाही. ती आमची चौकशी समिती झाली."

पाळकसाहेबांचा चहा कपातच राहिला. जाताना त्यांनी प्रार्थना करू का असं विचारलं. मावशी म्हणाली, "करा. पण त्याला काही समजावू नका. नुसतं विचारा."

खाली जायला मागचा जिना होता. जिन्याच्या तोंडाशी बॉयलर, त्याच्या बाजूला कचऱ्याचे पिंप, आणि पिंपांच्या मधून एक पत्र्याचा दरवाजा. आत उतार असलेली फरशी, मधोमध जाळीचं गटार, दोन स्टीलची टेबलं आणि भिंतीत बारा कप्पे. कॉम्प्रेसर अखंड घरघरत असे. वास असा, की पहिल्या दिवशी मावशीनं जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

तिथं एक म्हातारे कामगार होते. निवृत्तीला तीन महिने राहिलेले. त्यांना सगळे थंडकाका म्हणत. अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, फक्त डोळे आणि मिशा बाहेर. काका कुठल्याच देवाचे नव्हते. ते म्हणायचे, "इथं सगळ्या देवांची माणसं येतात. कप्पे मात्र सारख्याच मापाचे."

त्यांनी मावशीला काम शिकवलं. जबडा वेळेवर बांधायचा, नंतर ऐकत नाही. अंगठ्याच्या दोरीवरचं लेबल दोनदा वाचायचं. कप्पा ओढण्याआधी माणसाला नावानं हाक मारायची.

"त्यांना ऐकू येतं का?" मावशीनं विचारलं.

"त्यांना नाही. आपल्याला येतं. नंबरानं ओढायला लागलो ना, की महिन्याभरात आपला हमाल होतो." मग मिशीत हसून म्हणाले, "फार सभ्य लोक आहेत. तीस वर्षांत एकानंही बेल वाजवून मला उठवलं नाही."

मावशीला काका आवडले, पण काम आवडलं नाही. तिचं सगळं आयुष्य कुरकुर करणाऱ्या माणसांत गेलं होतं. इथं कोणी कुरकुरत नव्हतं, म्हणून ती कुरकुर तिनं स्वतःकडे घेतली. फरशी पुसता पुसता देवाशी भांडायची. "बावीस वर्षं लोकांना जगवायचं काम केलं. आता कळू दे तरी, मी कोणाचं काय घोडं मारलं? तुझी बदली कोण करतं ते सांग, मी त्याच्याकडे तुझी तक्रार करते. पानं मोजून घेईन यावेळी." फडका पिळायची. "आणि त्या सिस्टर क्वायरमध्ये गातायत. तुला चालतं?"

काका कोपऱ्यात चहा पीत ऐकायचे. एकदा म्हणाले, "मी कधी कोणाला देवाशी इतकं बोलताना ऐकलं नाही. तुझा विश्वास फारच दांडगा दिसतोय."

"विश्वास कसला, राग आहे तो," मावशी म्हणाली.

"नसलेल्यावर कोण एवढं रागावतं?" काका म्हणाले आणि कप धुवायला गेले.

काका निवृत्त झाले आणि मावशी एकटी राहिली. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी एक बाई आली. तिचा नवरा छपरं दुरुस्त करायचा, त्या दिवशी सकाळी छपरावरून पडला होता. बाई पिंपांच्या मधून वाट काढत आत आली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात त्याचा चष्मा. मावशीनं नावानं हाक मारून कप्पा ओढला आणि ठरल्याप्रमाणे तोंडावरची चादर बाजूला केली. ठरल्याप्रमाणे विचारलं, "हेच का?"

बाई बघत राहिली. मग म्हणाली, "माहीत नाही."

मावशीला वाटलं, धक्क्यानं असेल. पण बाईचा आवाज शांत होता. ती म्हणाली, "यांचे केस असे नसतात. भांग डावीकडे असतो. हे कोणीतरी दुसरंच वाटतंय."

खोलीत कंगवा नव्हता. शवागारात कंगव्याची गरज कोणाला पडली असेल? मावशीनं आपल्या अंबाड्यातला छोटा कंगवा काढला आणि पुढे केला. बाईनं पर्स फरशीवर ठेवली, चष्मा मावशीच्या हातात दिला, आणि नवऱ्याचे केस विंचरायला लागली. घाई न करता. सकाळी कामावर निघालेल्या माणसाचा भांग पाडावा तसा तिनं तो पाडला, कानामागची बट बसवली, चष्मा परत घेऊन त्याच्या डोळ्यांवर ठेवला आणि एक पाऊल मागे झाली.

"हां," ती म्हणाली. "आता हेच."

मग ती रडली, आणि मावशीनं तिला धरलं. कितीतरी वेळ त्या तशाच उभ्या होत्या. कॉम्प्रेसर घरघरत होता. मावशीचा अंबाडा सुटून पाठीवर आला होता, आणि तिच्या लक्षात आलं, की गेल्या काही मिनिटांत आपण देवाला एकही शिवी दिलेली नाही. इतकंच नव्हे, तर आपण त्याला शोधतही नाही आहोत. घरात कोणी वावरत असलं की आपण दर वेळी वळून बघत नाही, तसं.

याचा तिला रागच आला. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "तीन-चार महिने हाका मारतेय, तेव्हा गप्प. आणि आज कंगव्याला हजर."

नवरा एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसला होता. तो म्हणाला, "तो आधीपासून असेल. तुझं बोलणं संपायची वाट बघत असेल."

"मग बरीच वाट बघावी लागली असेल त्याला," मावशी म्हणाली, आणि तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं खाली एक कंगवा नेला. मग एक आरसा, कारण रडून झाल्यावर बाहेर जाण्याआधी जिवंत माणसांना तो लागतो. वरच्या वॉर्डातून दोन खुर्च्या कोणाला न विचारता उतरवल्या. पाण्याचा तांब्या ठेवला. आणि एक गोष्ट तिनं शोधून काढली. आलेली माणसं मेलेल्याचा हात धरायची आणि थंडगार लागला की दचकून सोडायची. मग तो हात सोडल्याची टोचणी घेऊन घरी जायची. म्हणून कोणी यायचं असलं, की मावशी आधी दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी त्या हाताखाली ठेवायची. "हा शुद्ध खोटेपणा आहे, मला माहीत आहे," ती देवाला सांगायची. "तुझ्या वहीत लिही हवं तर. पान फाडायला मी येणार नाही."

असं दीड वर्ष गेलं. बातमी पसरतेच. चर्चमधल्या एका कुटुंबाची म्हातारी गेली. त्यांनी मावशीचं काम पाहिलं आणि पाळकसाहेबांना सांगितलं. पाळकसाहेब स्वतः एकदा बघायला खाली आले, पहिला कप्पा उघडताच मावशीच्या खुर्चीत बसले आणि डोकं गुडघ्यांत घालून पंधरा मिनिटं तसेच राहिले. मावशीनं त्यांना पाणी दिलं. हे त्यांच्या खात्यावर चांगलं म्हणून धरायला हवं, की ते पुढच्या गुरुवारी पुन्हा आले, आणि नंतर दर गुरुवारी येत राहिले. आलेल्या माणसांजवळ बसायचे. शिकवण घरी ठेवून यायला ते तिथंच शिकले.

पण सवय सहज जात नाही. एका गुरुवारी ते म्हणाले, "मावशी, रविवारी तुम्ही साक्ष द्या. देवानं तुम्हाला इथं का आणलं, ते मंडळीला ऐकू द्या."

"मी बोलले तर तुम्हाला आवडेल असं नाही."

"तरी द्या."

रविवारी मावशी पुढे जाऊन उभी राहिली. माईक बाजूला केला. तिला त्याची गरज नव्हती. तिच्या डाव्या हाताला क्वायर होती, पहिल्या रांगेत मोठ्या सिस्टर.

"मला सांगितलंय, की देवानं मला खाली का नेलं ते सांगा," मावशीनं सुरुवात केली. "देवानं नेलं नाही. ऑफिसनं नेलं. ऑर्डर आहे माझ्याकडे. सही देवाची नाही, मी बघितली. वहीतलं पान ज्यानं फाडलं त्याला दोन हात होते आणि हिंमत नव्हती. बारा नंबरचे आजोबा मेले. माझं भलं व्हावं म्हणून ते मेले असं मला कोणी सांगू नका. मी एवढी मोठी लागून गेले नाही, आणि देव एवढा दुष्ट नाही."

कोणीतरी खोकलं. पाळकसाहेब बुटांकडे बघत होते.

"पण एक आहे. मला वाटलं होतं, खाली देव येत नसणार. वास आहे, गारठा आहे, कोणी गात नाही. तर तो तिथं होता. मला काही दिसलं नाही. मला दिसलं असतं तर तुम्हाला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं असतं. पण एक बाई नवऱ्याचा भांग पाडत होती, तेव्हा त्या खोलीत आमच्याशिवाय आणखी कोणीतरी होतं, हे मला कळलं. नंतर मी फरशी पुसताना विचार करत होते, आणि माझ्या डोक्यात आलं, की अरे, आपल्या प्रभूच्याही विरुद्ध खोटी साक्ष झाली होती. यालाही समितीपुढे उभं केलं होतं, आणि तिथंही निकाल आधीच लागलेला होता. एकानं तर पाणी मागवून हात धुतले. आणि शेवटी यालाही क्रुसावरून उतरवून खालीच ठेवलं, कबरीत. तीन दिवस. म्हणजे त्याला ते खातं माहीत आहे. आतून माहीत आहे. मला त्यानं ढकललं नाही. मी ढकलली गेले तेव्हा तो खाली उभा होता, आणि मला हातसुद्धा झटकू न देता त्यानं कामाला लावलं. माझं रडगाणं ऐकत ऐकत लावलं. झालं. आमेन म्हणायचं असेल तर म्हणा."

कोणी म्हणेना. मग तिसऱ्या बाकावरून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसानं, ज्याचा आवाज त्या इमारतीत कोणी कधी ऐकला नव्हता, खणखणीत "आमेन" म्हटलं. त्यामागून थोडे आले, मग बाकीचे.

पुढचं गीत क्वायरचं होतं. ते सुरू झालं आणि लंगडत संपलं. पहिल्या रांगेतला आवाज लागलाच नाही.

मंगळवारी दुपारी पत्र्याचा दरवाजा वाजला. मोठ्या सिस्टर आत आल्या. त्यांच्या पांढऱ्या बुटांना बॉयलरची काजळी लागली होती. मावशी एका टेबलाचे पाय घासत होती. ती उठली नाही.

"पान मी फाडलं," सिस्टर म्हणाल्या.

"माहीत आहे."

"त्या महिन्यात माझी बढती होणार होती. कठडे बदलायचा कागद माझ्याच टेबलावर दोन महिने पडून होता. मला वाटलं, तुम्हाला फार तर ताकीद देतील."

मावशी ब्रश घासत राहिली. या क्षणाची तिनं दीड वर्ष तयारी केली होती. फरशी पुसताना सगळी वाक्यं घोटून ठेवली होती, एकेक असं, की सिस्टरांची इस्त्री मोडली असती. आता एकही वाक्य वर येईना, आणि त्याचाही तिला राग आला.

"मला माफ कराल का?" सिस्टरांनी विचारलं.

"आज नाही," मावशी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? सुरुवात केलीय. रोज थोडं थोडं करते. एखाद्या दिवशी आदल्या दिवशीचंही वाहून जातं." तिनं ब्रश बादलीत टाकला. "पण माझ्याकडे नंतर या. आधी आजोबांच्या मुलीकडे जा. तिला ऑफिसनं सांगितलंय, की तिचे वडील वॉर्डातल्या आयाबाईच्या हलगर्जीपणामुळे गेले. ती मला रस्त्यात बघते तेव्हा पलीकडून जाते. तिला खरं सांगा. मग ऑफिसला लिहून द्या. देवाला सांगितलंत तर चालेल, पण त्याला आधीच ठाऊक आहे."

सिस्टर खुर्चीत बसल्या. त्यांनी रुमाल काढला, आणि मावशीनं, नाइलाज म्हणून, आरसा पुढे केला.

सिस्टर मुलीकडे गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण परतल्यावर तीन दिवस त्या रजेवर होत्या. मग त्यांनी ऑफिसला चार ओळींचं पत्र दिलं, खाली सही केली आणि मुदतीआधी निवृत्ती घेतली. चर्चला त्या येतच राहिल्या, पण क्वायर सोडून मागच्या बाकावर बसायला लागल्या. मावशीचं म्हणणं, ते काही बरोबर नाही. "पाप केलं म्हणून गळा कशाला बंद ठेवायचा? आता बाकीच्यांचा आवाज ऐकावा लागतोय. म्हणजे शिक्षा आम्हाला."

आजोबांची मुलगी एका सकाळी खाली आली. शाळेत शिकवणारी, चाळिशीतली बाई. तिनं माफी मागायला तोंड उघडलं, तर मावशीनं हात वर करून थांबवलं आणि चहा ठेवला. मुलीनं विचारलं, "बाबा शेवटी शेवटी काय बोलायचे हो? मी संध्याकाळचीच यायचे, तेव्हा ते झोपलेले असायचे." मावशीनं तिला रोज सकाळचा तो प्रश्न आणि त्याचं उत्तर सांगितलं. मुलगी हसली, आणि हसतानाच रडायला लागली. मग दोघीही रडल्या. मावशी त्या माणसासाठी पहिल्यांदाच रडत होती. इतके दिवस स्वतःच्या अन्यायात तिला त्यांच्यासाठी रडायला सवड झाली नव्हती. हे तिनं त्या रात्री प्रार्थनेत, या वेळी जरा अदबीनं, कबूल केलं.

मग ऑफिसची ऑर्डर आली. पूर्वीचा निष्कर्ष रद्द, मावशीला वॉर्डात परत घेण्यात येत आहे. दिलगिरीचा शब्द नव्हता. ऑफिसला तो शब्द टाइप करता येत नसावा.

पाळकसाहेब ऑर्डर वाचून खुलले. "बघा मावशी. शेवटी त्याची..." आणि मावशीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी वाक्य गिळलं.

वॉर्डातली सगळी माणसं तिच्या स्वागताला तयार होती. मावशी वर गेली, सगळ्यांना भेटली, बारा नंबरच्या खाटेचा कठडा दोन्ही हातांनी हलवून बघितला. नवा होता, घट्ट. खिडकीतून ऊन येत होतं. कोणीतरी कण्हत होतं आणि कोणीतरी चहासाठी कुरकुरत होतं. तिचं काळीज तिकडे ओढलं. ती तिथं पाऊण तास बसली, आणि मग जिना उतरून खाली आली.

घरी तिनं नवऱ्याला म्हटलं, "अहो, अर्ज लिहायचाय. तुमचं अक्षर चांगलं."

तिनं सांगितलं आणि त्यानं लिहिलं. मी खालीच राहते. मात्र तीन गोष्टी हव्यात. नातेवाइकांना येण्यासाठी पिंपांच्या बाजूनं नव्हे तर बागेच्या बाजूनं दरवाजा. बसायच्या जागेत एक हीटर. आणि कामाला आणखी एक माणूस.

नवऱ्यानं लेखणी थांबवून विचारलं, "तुला खरंच राहायचंय?"

"नाही," मावशी म्हणाली. "मला वर जायचंय. पण मी वर गेले तर खाली कंगवा कोण देणार? त्यानं मला बरोबर अडकवलंय. चांगल्या माणसासारखं अडकवलंय, पण अडकवलंय."

दरवाजा झाला. हीटर अजून आलेला नाही. इंजिनियरला आणि देवाला ती आळीपाळीनं आठवण करून देते. आणि गेल्या महिन्यात दुसरं माणूस आलं. धुलाईखात्यातली बाई, तिशीची. तिच्या वरच्या साहेबाच्या हातून धुण्याचं मशीन बिघडलं आणि खापर हिच्यावर फुटलं. इस्पितळाला शिक्षेसाठी दुसरी जागा अजून सुचलेली नाही. ती नव्या दरवाजातून आत आली आणि पहिल्या खुर्चीत बसून हमसाहमशी रडायला लागली. मावशीनं तिला पाणी दिलं आणि रडू दिलं.

थोड्या वेळानं ती बाई म्हणाली, "मावशी, देवानं माझ्यावरच ही वेळ का आणली?"

"देवानं?" मावशी म्हणाली. "मशीन कोणी बिघडवलं, त्याचं नाव सांग."

बाईनं दबक्या आवाजात नाव सांगितलं.

"कोणी बघितलं?"

"इस्त्रीवालीनं. पण ती घाबरते."

"घाबरू दे. आपण तिच्याकडे डबा घेऊन जाऊ, जेवताना माणूस कमी घाबरतं." मावशीनं टेबलाचा खण उघडून कोरे कागद काढले, मध्ये कार्बन घातला आणि चष्मा लावला. "तारीख सांग. आधी हे लिहून टाकू, दोन प्रतींत. देवाशी तुझी ओळख मग करून देते, तो इथंच असतो."

बाईनं डोळे पुसले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. मावशीनं कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात पहिली ओळ लिहिली, ती मोठ्यानं वाचून दाखवली, आणि बाई म्हणाली, "मावशी, तारीख चुकली. मंगळवार होता तो."

"मग मंगळवार," मावशी म्हणाली, आणि खोडून पुन्हा लिहिलं.